झटका आला नाही, दिला

मंगळवार, ४ नोव्हेंबर

भिंगरे,

तर सगळ्यात आधी आला तो कुलूपवाला. डॉक्टर नाही, तुझा बाप नाही, कुलूपवाला! त्याच्यामागून अँब्युलन्सचे दोघे, एक उंच एक बुटका, हातात स्ट्रेचर. त्यांच्यामागून समोरच्या दुकानातला चष्मेवाला, गिऱ्हाईक तसंच खुर्चीत सोडून. मी ओली चादर खांद्यावर टाकून मागच्या अंगणातून दुकानात येते तर काय, बंद शटर उघडलेलं आणि चार बाप्ये इस्त्रीच्या टेबलाखाली वाकून बघतायत. मी म्हटलं, "आज सोमवार, लॉन्ड्री बंद. बाहेर एवढी मोठी पाटी आहे, वाचता येत नाही?"

बुटका उठताना टेबलाला डोकं आपटून म्हणाला, "आजी, झटका कुणाला आला?"

थांब, पहिल्यापासून सांगते. नाहीतर तू म्हणशील आजी शेंडा सांगते आणि बुडखा विसरते.

तुझ्या बापाने मला तो पट्टा बांधलाय ना मनगटाला. कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा, फक्त साखळी दिसत नाही एवढंच. पावलं मोजतो, झोप मोजतो, छातीचे ठोके मोजतो आणि सगळं तिकडे त्याच्या फोनवर जातं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेळी म्हणजे मी. बरं, मोजतो तेही धड नाही. मी सहा तास उभी राहून इस्त्री केली तर पट्टा म्हणतो, "आज तुम्ही बसून होतात." बसून! माझ्या टाचांना विचार म्हणावं.

आता चादर दोरीवर टाकायच्या आधी झटकावी लागते, हे तुला माहीत आहे. दोन कोपरे धरायचे, हात वर आणि खाडकन खाली. फट् आवाज आला पाहिजे. फट् झालं की निम्म्या सुरकुत्या तिथेच पळतात. बावन्न वर्षं झटकतेय. पण पट्ट्याला वाटलं, हात इतक्या जोरात खाली आला म्हणजे बाई पडली! लागला ओरडायला. आत आले तर कपाटावर तुझ्या बापाने ठेवलेल्या डबीतून ती मुलगी बोलली, "तुम्ही ठीक आहात का?" ती माणूस आहे की यंत्र हे मला अजून कळलेलं नाही, पण आवाज गोड आहे. मी म्हटलं, "अगं काही नाही, झटका दिला जरा जोरात."

"झटका आला? कृपया शांत पडून राहा."

"पडून कशी राहू? अजून सात आहेत."

"सात झटके?"

मी म्हटलं, "सकाळपासून चार झाले," आणि गेले अंगणात. चादरी थोड्याच थांबतात!

तर ते असं झालं. आता माणसं आलीच आहेत तर रिकाम्या हाती कशाला पाठवायची? चादर पिळायला दोन माणसं लागतात. उंचाला एक टोक दिलं. हात चांगला आहे त्याचा. बुटका उलट्या बाजूला पीळ देतो, पण शिकेल. चष्मेवाला नुसता बघत होता आणि म्हणत होता, "मला लांबूनच दिसलं होतं तुम्ही धडधाकट आहात." मग धावत कशाला आला, मेल्या?

तू कुठे आहेस? तुझा फोन लावला की एक बाई म्हणते, बंद आहे. तुझी आई म्हणाली, तिला पत्र लिहा. मी चौथी पास. जोडाक्षरं जिथे मोडतील तिथे तू जोडून घे.

तुझी आजी

•

शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय आजी,

तुझं पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. रागावू नकोस. "मग धावत कशाला आला, मेल्या" इथे आमच्या बाई हसून हसून जमिनीवर आडव्या झाल्या. बाई म्हणजे हा नाच बसवतात त्या. एरवी त्या हसत नाहीत.

फोन बंद आहे कारण बाईंनी आम्हा सहाही जणांचे फोन एका पत्र्याच्या ट्रंकेत घालून कुलूप लावलंय. सहा आठवडे. नाच त्याच्यावरच आहे, आपण या यंत्रांबरोबर कसे जगतो त्यावर. पहिले चार दिवस माझा अंगठा हवेत आपोआप वर-खाली व्हायचा, हातात काही नसताना. मला लाज वाटली. बाई म्हणाल्या, "थांबवू नकोस, हाच नाच आहे." आता आम्ही सहा जण ओळीने उभे राहून नुसते अंगठे हलवतो आणि हळूहळू तो अंगठा अख्ख्या अंगाला ओढत नेतो. तू बघशील तर म्हणशील, यांना मुंग्या चावल्यात का.

पण तुझं पत्र आलं आणि बाईंनी ते सगळं बाजूला ठेवलं. सहा पट्टे मागवले, सहा चादरी भिजवल्या. आम्ही झटकल्या. आजी, सहाच्या सहा पट्टे बोंबलले! सहा गोड मुली एकदम म्हणाल्या, "तुम्ही ठीक आहात का?" मग बाई म्हणाल्या, "यंत्राला काम कळत नाही, फक्त पडणं कळतं. नाच इथून सुरू होईल."

आमची मात्र फट् होत नाही. नुसती फडफड होते. कोपरा कसा धरायचा? अंगठा आत की बाहेर?

बाबांनाही खूप हसू आलं असेल ना?

तुझी भिंगरी

•

बुधवार, १२ नोव्हेंबर

भिंगरे,

अंगठा आत. कोपरा मुठीत नाही धरायचा, चिमटीत धरायचा आणि शेवटच्या क्षणी मनगट आखडायचं. चादर सोडून द्यायची इच्छा झाली पाहिजे, पण सोडायची नाही. बाईंना सांग, हे लिहून दाखवता येत नाही.

तुझ्या बापाला हसू आलं का विचारतेस. हं.

तुला सांगायचं नव्हतं. पण मी पत्रात काही लपवायला गेले की अक्षर आणखीच वाकडं येतं. तर ऐक. तो ओरडा पहिला नव्हता, दुसरा होता. पहिला ऑगस्टमध्ये झाला, तेव्हा नुसता फोन आला होता. आणि तुझा बाप म्हणाला होता, तीन वेळा ओरडला की विषय संपला. दुकानाला कुलूप आणि मी त्याच्या घरी, खालच्या खोलीत. ती खोली मी बघितलीये. गुळगुळीत फरशी, कोपऱ्यात कॅमेरा. खिडकी आहे, पण दोरी बांधायला दोन खिळे मारायची सोय नाही. मी तिथे करू काय? ते मला बघत बसतील आणि मी त्यांना बघू देत बसेन.

मग मी म्हटलं, या पट्ट्याला पावलंच हवीत ना? दिला धुण्याच्या यंत्रात टाकून. नुसता नाही गं, मोज्यात गुंडाळून. दिवसभर फिरला. संध्याकाळी तुझ्या बापाचा फोन. "आई! एकोणीस हजार पावलं? या वयात? असं करू नकोस, पडशील!" घे. बसले तरी पडणार, चालले तरी पडणार.

मोज्याचं मी सांगितलं नाही. पण तुझी आई हुशार. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या छातीचे ठोके सगळे एकसारखे कसे?" ती बोलली आणि तो चिडला. तेवीस तारखेला, रविवारी येतोय. तिसऱ्या ओरड्याची वाट बघणार नाही म्हणाला. न्यायलाच येतोय.

मी त्याला काही बोलले नाही. नंतर रिकाम्या दुकानात इस्त्रीशी बोलले, पुष्कळ.

तुझा नाच कसा चाललाय?

आजी

•

शनिवार, १५ नोव्हेंबर

आजी,

इतकं सगळं चाललंय आणि तू मला चादरीचा कोपरा शिकवत होतीस?

मी बाईंना सांगितलं. त्यांनी तारीख विचारली, ट्रंकेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पहिला प्रयोग तेवीसला. आजींच्या अंगणात."

आता नीट वाच. नाच असा आहे. बघायला येणाऱ्या प्रत्येकाने आपला फोन हातात ठेवायचा. दाराशी लावलेलं चित्र फोनला दाखवलं की त्यावर दोन बटणं दिसतील. एक "नाचतेय", एक "पडली". आम्ही नाचत असताना त्यांनी सारखं ठरवायचं. ज्या क्षणी "पडली" म्हणणारे जास्त होतील, त्या क्षणी घंटा वाजेल आणि स्ट्रेचरवाले येऊन नाचणाऱ्याला उचलून बाहेर गल्लीत नेऊन ठेवतील. मग तो धडधाकट असो. त्याचं कोणी ऐकणार नाही. शेवटपर्यंत कोण उरतं ते बघणाऱ्यांच्या अंगठ्यावर.

फक्त एक पळवाट आहे. दाराशी एक टोपली असेल. ज्याने फोन तिच्यात टाकला त्याला आत येऊन चादरीचं दुसरं टोक धरता येईल. पण हे आम्ही कोणाला सांगणार नाही. ज्याला सुचेल त्याला सुचेल.

बाबा अकराला पोचतात. आपण साडेदहाला सुरू करू. त्यांना काही सांगू नकोस. आल्यावर त्यांच्या हातात फोन असेलच, तो तर झोपेतही असतो.

तू फक्त बस. कडेला खुर्ची ठेवू. स्ट्रेचरसाठी दोन माणसं मिळतील का तिथे?

भिंगरी

•

मंगळवार, १८ नोव्हेंबर

भिंगरे,

स्ट्रेचरवाले मिळाले. खरेच. उंच आणि बुटका, दोघांची रविवारी सुट्टी आहे. बुटक्याने विचारलं, "नाचावं लागेल का?" मी म्हटलं, तू सरळ चाललास तरी पुरे.

आणि हे काय, मी खुर्चीवर बसू? तू पण शेवटी तुझ्या बापाचीच लेक. माझ्या अंगणात, माझ्या चादरी, माझा झटका, आणि मी खुर्चीवर? मी झटकणार. ज्याला "पडली" दाबायचं त्याने दाबावं. उचलायला येतील तेव्हा बघू कोण कुणाला उचलतं.

एक मात्र सगळ्या पोरांना बजाव. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आपलं अंगण खरंच वाकडं आहे. पाणी साचू नये म्हणून तुझ्या आजोबांनी मोरीकडे उतार काढलाय. साबणाचं पाणी तिकडेच वाहतं. उजवा पाय जपून टाका.

पट्टा मी पिठाच्या डब्यात ठेवलाय.

आजी

•

गुरुवार, २० नोव्हेंबर

ती. आईस,

सा. न. वि. वि. फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. पट्टा तीन दिवस काहीच दाखवत नाहीये. चष्मेवाल्यांना विचारलं, ते म्हणाले, "ठणठणीत आहेत, माझ्यावर ओरडल्या." तेव्हा जिवात जीव आला.

रविवारी अकराला येतोय. सामानासाठी मोठी गाडी घेतली आहे.

तुला वाटतं मी तुझ्यावर पहारा ठेवतो. ठेवतोच. मी पंधरा वर्षांचा होतो. तू आणि मी माझ्या शाळेत गेलो होतो, निकाल आणायला. परत आलो तेव्हा शटर बंद होतं, इस्त्री चालू होती आणि अण्णा टेबलाखाली होते. दोन तास. डॉक्टर म्हणाले होते, वेळेवर कळलं असतं तर. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी अजून करतोय.

त्या सोमवारी अँब्युलन्सवाल्यांना मीच फोनवर सांगितलं होतं, आधी टेबलाखाली बघा.

तुझा मुलगा

•

बुधवार, २६ नोव्हेंबर

भिंगरे,

पाय कसा आहे? लपवू नकोस. माझी सवय तुला लागू नये. तुम्ही पोरं त्याच संध्याकाळी पुढच्या गावाला निघालात आणि पुढचं सगळं सांगायचं राहिलं. शिवाय तू नाचत होतीस, तुला माणसं कुठे दिसणार? मला दिसली. म्हणून लिहिते.

एकेचाळीस माणसं होती. निम्मी माझी गिऱ्हाइकं, आपले कपडे न्यायला आली आणि अडकली. चष्मेवाला पहिल्या रांगेत. त्याने पहिल्याच मिनिटाला "पडली" दाबलं. विचारलं तर म्हणतो, बटण जवळ होतं म्हणून. त्या लांब केसांच्या पोराला नेलं तेव्हा तो ओरडत होता, "मी नाचतोय, मी नाचतोय!" आणि लोक हसत होते. दुसरीला नेलं तेव्हा कमी हसले. चौथीला नेलं तेव्हा कोणी हसलं नाही, पण अंगठे थांबले नाहीत गं. गल्लीत चार जणं ओळीने झोपवलेली आणि एक कुत्रा येऊन हुंगून जातोय.

तुझा बाप आला तेव्हा माझी पाळी होती. मी चादर वर उचलली आणि तो दारात. मी त्याच्याकडे बघून झटका दिला. असा फट् आवाज आला की खुर्च्या हलल्या. आणि मला दिसलं गं, त्याने दाबलं. "पडली." घंटा वाजली. उंच आणि बुटका स्ट्रेचर घेऊन आले माझ्याकडे. मी म्हटलं, "ठेवा खाली." ठेवलं. त्या स्ट्रेचरवर मी ओली चादर पसरली आणि म्हटलं, "धरा टोकं. बुटक्या, या वेळी पीळ उजवीकडे." त्यांनी पिळली. घंटा वाजतच होती. मी दोरीकडे गेले आणि पुढची चादर उचलली. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळे पुसत की हसत ते कळलं नाही. बघणारे म्हणायला लागले, अहो, पण नियम! मी म्हटलं, नियम तुमच्या फोनमध्ये. अंगण माझं.

आणि तेव्हा तू घसरलीस.

मोरीपाशी. उजवा पाय. मी सांगितलं होतं. तू अशी सुरेख पडलीस, हात हवेत, केस मागे, की एकेचाळीस जणांनी एकदम "नाचतेय" दाबलं. टाळ्यासुद्धा वाजल्या. बाईंनाही वाटलं नाच आहे. माझ्या हातात चादर होती, मी तिथून निघाले, पण माझे गुडघे गुडघेच आहेत. तुझा बाप माझ्याआधी पोचला. फोन टोपलीत टाकला नाही, पायरीवर आपटला, काच फुटली त्याची. टोपली काय, त्याला काही दिसतच नव्हतं. गुडघ्यावर बसला आणि तुझा घोटा धरला. तू म्हणालीस, "बाबा, मी ठीक आहे, नाच चालू आहे." तो म्हणाला, "खोटं बोलू नकोस, तुझा ओठ थरथरतोय. लहानपणीही असाच थरथरायचा."

ते मी ऐकलं. म्हणून मी म्हटलं, "कुठल्या यंत्राने सांगितलं रे तुला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. तू खाली बसूनच आपली चादर त्याच्याकडे सरकवलीस आणि म्हणालीस, "टोक धरा. अंगठा आत." पंधराव्या वर्षापर्यंत रोज धरायचा तो, माझ्यासमोर. त्याचे अण्णा, तुझे आजोबा, गेले आणि त्याने अंगणात यायचं सोडलं. धरलं. दुसरं टोक मी धरलं आणि आम्ही दोघांनी वर नेली. त्याने असा दिला, असा दिला की चष्मेवाल्याचा चष्मा ओला झाला.

मग काय झालं ते तुला ऐकू आलं, पण त्याचं तोंड तू बघितलं नाहीस. त्याच्याही मनगटाला आहे ना तसलाच पट्टा? लागला ओरडायला. ती गोड मुलगी त्याच्या मनगटातून म्हणाली, "तुम्ही ठीक आहात का?" तो लाल झाला. एकदा मला बघितलं, एकदा टेबलाच्या दिशेने, दुकानात. आणि ओरडला, "झटका आला नाही! दिला!"

त्यानंतर कोणाच्या हातात फोन राहिला नाही. टोपली भरून सांडली. तुला खुर्चीत बसवलं, जी माझ्यासाठी आणली होती. तेवीस चादरी झटकून झाल्या आणि गल्लीतली चार पोरं उठून आत आली.

सगळे पांगल्यावर आम्ही दोघं दुकानात बसलो. त्याने टेबलाखाली वाकून बघितलं. मीही वाकले. काही नाही गं, मोज्यांची एक जोडी. मी म्हटलं, "बाळा, पडणार नाही असं मी तुला सांगत नाही. पडेन. पण तोवर उभी आहे ना, ते मोज की." तो म्हणाला, "आई, आणि तोपर्यंत मी काय करू?" खरा प्रश्न होता. मग मी ठरवलं, त्याने नाही, मी. रोज सकाळी आठला पुढच्या खिडकीत पांढरा अभ्रा लावायचा. लावलेला दिसला की चष्मेवाल्याने त्याला सांगायचं. नाही दिसला तर चष्मेवाल्याने गिऱ्हाईक खुर्चीत सोडून धावायचं. तेवढं त्याला जमतं. दुकानाची एक किल्ली त्याच्याकडे दिली, म्हणजे कुलूपवाला यायला नको. पट्टा पिठातून काढून मोठ्या गाडीच्या आरशाला बांधून दिला. घरी पोचेपर्यंत किती पावलं झाली ते बघ म्हटलं. गाडी रिकामी गेली. एक खुर्ची तेवढी घेऊन गेला, ती तुमची होती म्हणे, बाईंना सांग.

आज तीन दिवस अभ्रा लावतेय. काल मुद्दाम पाच मिनिटं उशिरा लावला. चष्मेवाला चप्पल एका पायात घालून निम्म्या रस्त्यात होता.

उंच आणि बुटका परत येतो म्हणालेत, बुटक्याला घड्या घालायला शिकायच्यात. बाई म्हणाल्या, पाय बरा झाला की भिंगरीला घेऊन येते. तुझा बाप आणि तुझी आईसुद्धा, आपल्या चादरी घेऊन, न धुतलेल्या. सगळ्यांनी एकच दिवस सांगितलाय. रविवार, सात डिसेंबर. मी कॅलेंडरवर गोल केलाय.

आजी